आमचा अभिमान

दहावीच्या निकालाआधीच पप्पांनी चौकात भार्गवीचा हसरा फ्लेक्स लावला होता. ‘आमचा अभिमान’ लिहून टक्क्यांची जागा तेवढी कोरी ठेवलेली. पडले अठ्ठावन्न. आज पप्पा शिडीवर चढून तिच्याच तोंडावर नव्वदवाल्या पुतणीचा फोटो डकवत होते. “रडतीस काय? शिडी धर. तेवढं तरी जमंल का?” टपरीवरचे लोक फिदीफिदी हसले. भार्गवीनं मान खाली घालून शिडी धरली. तेवढ्यात वैरागहून आत्या पेढे घेऊन आली आणि भर चौकात एक तिच्या तोंडात कोंबला. “पास झाली की माझी बाय!” “अठ्ठावन्न पडल्यात,” पप्पा वरून खेकसले. “मग? साठाच्या खाली भाची म्हणत न्हाईत व्हय?” सोलापूरच्या उन्हानं डिंक सुटला, पुतणी लोंबली, मागून भार्गवीचेच दात चमकले. “शिडी धर!” “उतरा आता, पप्पा,” पेढा गिळून ती म्हणाली, “मला पेढे वाटायचेत.”