लोहपंखवरचे चार प्रश्न

“केपचा रंग?” मास्तरने विचारलं.

खुर्चीच्या कडेवर टेकलेला माणूस म्हणाला, “हिरवा.”

“हिरवा!” मास्तरने काचेचं कपाट खाडकन उघडलं. आत गडद निळी केप टांगलेली होती. “ही बघ. शूटिंगमधली आहे, लिलावात घेतली. लोहपंखची केप निळी असते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

मास्तर शिक्षक नव्हता. गॅस एजन्सीत हिशेब बघायचा. पण ‘लोहपंख’ ही लहानपणची मालिका त्याला मुखपाठ होती. चाहत्यांच्या मंडळात प्रश्नमंजूषा तोच घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

समोरचा माणूस वेल्डर होता. मनगटापर्यंत ठिणग्यांचे डाग. सकाळी दारात उभा राहून त्याने सांगितलं होतं, मी या घरातला मोठा मुलगा. बाबांचा मार खाऊन बाराव्या वर्षी पळालेला.

आई पलंगावर बसून ऐकत होती. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. वेल्डरने पायाला हात लावला तेव्हा तिने त्याचा चेहरा दोनदा चाचपला होता आणि हात मागे घेतला होता. बारा वर्षांच्या पोराचा चेहरा चाळिशी ओलांडलेल्या माणसात बोटांना सापडेना.

“बारक्या, रक्त तपासून घे ना,” वेल्डर म्हणाला. “उद्याच जाऊ.”

“बारक्या म्हणू नकोस! ते नाव अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.” मास्तरचा आवाज चढला. “आणि निकाल येईपर्यंत इथे पाय पसरणार, होय ना? मागे असाच एक दादा आला होता. दोन दिवस जेवला आणि आईच्या बांगड्या घेऊन पसार झाला.”

“अहो, हळू,” मास्तरची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “आईंच्या बीपीचं बघा जरा.”

“तू मध्ये पडू नकोस.”

आईने हात वर केला. “विचारू दे त्याला. दोघं त्या मालिकेपायी वेडे होते. मी कामावर असायची. कुणाकडे तरी बघून यायचे आणि जेवताना तेच चालायचं. माझा मोठा असेल तर ते विसरणार नाही.”

माझा मोठा. हे दोन शब्द ऐकतच मास्तर वाढला होता. मोठा असता तर छप्पर गळलं नसतं, आई म्हणायची. मोठा असता तर मला दवाखान्यात वेळेवर नेलं असतं. स्वयंपाकघर सोडलं तर घरात दोनच खोल्या, त्यातली एक मोठ्यासाठी कुलूपबंद. मास्तर आणि त्याची बायको लग्नापासून या बैठकीच्या खोलीत, आईच्या पलंगाशेजारी, जमिनीवर झोपत होते.

“खलनायकाचं नाव?”

“ढेरपोट्या.”

बायकोला हसू आवरेना. मास्तर हसला नाही. “भस्माक्ष! मालिका आहे की तमाशा? लोहपंखला ताकद कशातून मिळते?”

“झोपेतून,” वेल्डर म्हणाला. तो मास्तरकडे रोखून बघत होता. “मुकाट्याने लवकर झोपलं की पंख फुटतात.”

“उल्केच्या तुकड्यातून! छातीवर चकाकतो तो. पहिल्याच भागात आहे.” मास्तरने टेबलावर मूठ आपटली. “थापा मारायच्या तर निदान अभ्यास करून मार. आम्ही काय दूधखुळे वाटलो?”

वेल्डरने आईकडे पाहिलं. “मी थापा मारत नाहीये, आई.”

“आई कुणाला म्हणतोस? इतकी वर्षं रस्ता सापडत नव्हता?”

“रस्ता माहीत होता. यायला तोंड नव्हतं.”

आईची बोटं पलंगाच्या कडेवर घट्ट झाली. मास्तरला ते दिसलं.

“शेवटचा,” तो घाईने म्हणाला. “उडण्याआधी लोहपंख काय ओरडतो?”

वेल्डरचा आवाज एकदम बारीक झाला. “आई, आलोच गं!”

आईने मान वळवली. “काय म्हणाला?”

“चूक म्हणाला!” मास्तर कडाडला. “‘वाऱ्या, वाट सोड!’ असं ओरडतो. प्रत्येक भागात. आणि लोहपंख अनाथ आहे, त्याला आई कुठली? आई, तुझ्या तोंडून ‘माझा मोठा’ वदवून घ्यायचं होतं याला, दुसरं काय! चार प्रश्न, चारही चूक.”

“एकही बरोबर नाही?” आईने विचारलं.

“एकही नाही. मंडळात कुणालाही फोन लाव.”

आईचा चेहरा लाल झाला. “माझ्या मेल्या-जित्या लेकराचं नाव घेऊन आलास? आंधळी म्हातारी बघून? ऊठ. चालता हो माझ्या घरातून.”

“आई, एकदा ऐक...”

“चालता हो!”

वेल्डर उठला. आईने कमरेची किल्ली काढली आणि सुनेच्या दिशेने फेकली. “उघड ती खोली. पुरे झालं वाट बघणं. आजपासून तुम्ही दोघं तिथे झोपा.”

मास्तर वेल्डरच्या मागोमाग जिना उतरला आणि फाटकापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वेल्डर बाहेर पडला, थांबला, वळला.

“समोरच्यांच्या बंद खिडकीबाहेर उभं राहून बघायचो आपण,” तो म्हणाला. “काळा-पांढरा टीव्ही. आवाज बाहेर यायचा नाही. तू रडायचास, म्हणून रंग, नावं, आरोळी, सगळं मीच रचून तुझ्या कानात सांगायचो. विसरलास?”

मास्तरने फाटकाची कडी घातली.

“विसरलो असतो तर दुसरे प्रश्न विचारले असते, दादा.”