एक्क्याण्णवावं पान

"अर्ध्या किमतीत काहून देऊन राह्यले भाऊ? यात खोट काय हाये, ते पहिले सांगा."

सुग्राबीने पुस्तक नाकाशी नेऊन वास घेतला आणि परत काउंटरवर ठेवलं. यवतमाळला नर्सिंगच्या शाळेसमोर जुन्या-नव्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या नागोरावला हा प्रश्न नवा नव्हता. कोणीतरी वापरलेलं आहे, दुसरी काही खोट नाही, असं त्याने सांगितलं. सुग्राबीने मान हलवली, पण ती काही पटलं म्हणून नव्हे.

काउंटरवर दोन पुस्तकं होती. दोन्ही औषधांची माहिती देणारी, आवृत्ती एकच. एक नवं कोरं, प्लास्टिकात बंद. दुसऱ्याच्या कडा मळलेल्या. तिची मुलगी अलफिया पहिल्या वर्षाला होती आणि सोमवारपासून तिची वॉर्डात ड्यूटी लागणार होती. फवारणीचे दिवस पुन्हा सुरू झालेले. कोणतं औषध किती द्यायचं ते बघायला पुस्तक जवळ हवंच, असं मॅडमनी बजावलं होतं. अलफियाला नवं हवं होतं. सुग्राबीला खरं विचाराल तर दोन्ही नको होती. जिला पुस्तकात बघून औषध द्यावं लागतं ती कसली नर्स, असं तिचं ठाम मत. आपली पोरगीही तसलीच निघाली तर, ही धास्ती तिला घाटंजीहून निघाल्यापासून खात होती.

नव्याचं प्लास्टिक फाडून दाखवा, ती म्हणाली. फाडलं तर घ्यावं लागेल, नागोराव म्हणाला. झालं, संशय पक्का. बंद पाकिटाने तिला गेल्या साली चांगलंच शिकवलं होतं. बियाण्याच्या पाकिटावर टपोऱ्या पांढऱ्या बोंडाचं चित्र, आणि शेतात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; सुग्राबी तर तेव्हापासून पाणीही फुंकायची.

मग तिने जुनं ओढलं. कापूस विकायला नेला की ग्रेडर वरचा पांढराशुभ्र थर बघत नाही, थेट ढिगाच्या पोटात हात घालतो. तिनेही तेच केलं. पुस्तक शिवणीच्या बाजूवर उभं धरून ती मधोमध उघडायला गेली. पुस्तक ऐकेना. बोटांतून सुटून ते अलीकडेच, सुरुवातीच्या पानांत उघडलं. तिने मिटलं, परत उघडलं. परत तिथेच.

"इथची पानं फाडली हायेत," ती म्हणाली. चोर सापडल्यासारखा तिचा चेहरा फुलला. "नंबर पाह्य अलफिया."

अलफियाने पाहिले. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. एकही पान गेलेलं नव्हतं. फक्त एक्क्याण्णवावं बाकीच्यांहून काळपट, कोपऱ्यावर बोटांचे डाग, एका ओळीखाली पेनाने तीन वेळा ओढलेली रेघ. तिने ते पान वाचलं आणि वाचून झाल्यावरही मान वर केली नाही. काय आहे म्हणून सुग्राबीने दोनदा विचारलं.

"फवारणीच्या विषावरचं इंजेक्शन हाये अम्मी. जमीरमामूले देत होते ते."

जमीर सुग्राबीचा धाकटा भाऊ. गेल्या साली लोकांच्या कपाशीवर फवारा मारून आला तो तोंडाला फेस घेऊनच. मोठ्या दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या, त्याला खाली गादीवर निजवलं. एका शिकाऊ पोरीने सुई भरली, आणि टोचायची सोडून ती ट्रेमध्ये ठेवली, पुस्तक उघडलं. सुग्राबी तिच्या अंगावर धावून गेली होती. माणूस मरून राह्यला अन् तू वाचत काय बसली, म्हणून वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलली होती. पोरगी रडत होती, पण तिने ओळ पुरी वाचली, आणि मगच सुई दिली. जमीर तिसऱ्या दिवशी गेला. माझ्या भावाला विषाने नाही, त्या अडाणी पोरीने मारलं, हे सुग्राबीने त्यानंतर अर्ध्या घाटंजीला सांगितलं. सांगून सांगून तिला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायला लागलं होतं.

"याच एका पुस्तकाले असं झालं असंल," ती आता म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

नागोराव उठला. वरच्या फळीवरून त्याने त्याच पुस्तकाच्या आणखी चार जुन्या प्रती काढल्या. गेल्या वर्षीच्या मुली शिकून जाताना विकून गेल्या होत्या त्या. एकेक प्रत काउंटरवर उभी केली आणि हात काढून घेतला. पहिली उघडली. दुसरी उघडली. मग तिसरी, मग चौथी. सुग्राबीला वाचता येत नव्हतं, पण वाचायचं काही नव्हतंच. चारही ठिकाणी तेच काळपट पान होतं.

"त्या साली या पोरीयले दुसरं पान पाहाले टाइमच भेटला नाही, भाभी," नागोराव म्हणाला.

सुग्राबीला लाज वाटली, अंग चोरून घ्यावं इतकी. त्या पोरीचं नावही तिने कधी विचारलं नव्हतं. मग तिने हातातलं जुनं पुस्तक मिटून अलफियाला दिलं.

"पाह्यल्याबिगर कोणाले सुई देऊ नको," ती म्हणाली. "पेशंटवाले शिव्या देतील. देऊ दे."