नारिंगी टोक

नव्या भाडेकरूकडे पिस्तूल असल्याची तक्रार सोसायटीचे सचिव टिपणीस यांनी कर्तव्यबुद्धीने केली. नायगावच्या चाळीतून दादरला आलेल्या सम्यकने ते प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारे पिस्तूल चौकशीला घरी आलेल्या फौजदारापुढे ठेवले. खेळणे म्हणून ओळखू यावे यासाठी त्याच्या नळीचे टोक नारिंगी होते.

"साहेब, अगदी असंच टिपणीसकाकांच्या शोकेसमध्येही आहे."

फौजदाराने तेही मागवले. ते टोकापर्यंत काळे होते.

"ह्याचा नारिंगी रंग कुठे गेला?"

"मीच खरवडला," टिपणीस अभिमानाने म्हणाले. "हुबेहूब खरं वाटायला हवं ना! दर रविवारी तेलपाणी करतो."

"सुंदर ठेवलंय, काका," असे म्हणत फौजदाराने ते अदबीने परत केले आणि तो सम्यककडे वळला.

"चल रे, चौकीवर."