पिंपातले जीव

परसातल्या मिरच्यांसाठी राजश्रीनं पन्हाळीखाली पिंप ठेवलं. पावसानं ते भरलं, पण आठवड्यात त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. "ओतून टाकू का, मामा?" तिनं सासऱ्यांना विचारलं. "जैनाच्या घरात जीव मारत न्हाईत. गाळून झाडांस्नी घाल," म्हणत त्यांनी फडकं दिलं. झालं! ती वाकून बादल्या गाळायची आणि मामा फडक्यातल्या अळ्या अलगद परत पिंपात सोडायचे. "अवो, घरभर डास झाल्यात! मिरच्या जगवायच्या का डास?" "दोन्ही," मामा शांतपणे म्हणायचे आणि तिचं डोकं सणकायचं. आजही ती चरफडत गाळत होती. कट्ट्यावर मामांच्या मांडीवर तान्ही नात निजलेली. तिच्या पोटरीवर डास बसला. मामांनी फुंकर घातली. तो पुन्हा बसला. फाटकन मामांचा हात पडला. तळहातावरचं रक्त ते बघतच राहिले. राजश्रीनं तेच फडकं पुढं केलं.