सरपंचांची पार्टी

केकवर नाव अमरसिंहाचं होतं. 'नूतन सरपंच मा. अमरसिंह यांचे हार्दिक अभिनंदन.' निवडून आली होती त्याची बायको सत्यशीला, पण बेकरीवाल्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याला ते खरं वाटलं नसतं. जागा बाईसाठी राखीव, म्हणून फॉर्मवर बाई. बाकी सरपंच कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

अंबाजोगाईतलं हे नवं हॉटेल भलतंच उंची होतं. आत थंडगार, काट्या-चमच्यांचा थाट, आणि परातीएवढ्या ताटलीत मूठभर भाजी. टेबलाभोवती दोन घरची मिळून नऊ माणसं बसली होती. एक घर अमरसिंहाचं, दुसरं त्याच्या चुलतभावाचं, सुंदररावाचं, त्याच्या दोन मेहुण्यांसकट. बांधावरून वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे हे भाऊ निवडणुकीपुरते गळ्यात गळे घालून फिरले होते. सकाळीच पंचायतीची पहिली बैठक झाली. सत्यशीलेनं सरपंचपदाचा कारभार घेतला आणि सुंदरराव उपसरपंच झाला.

वेटरनं मेनूकार्ड सत्यशीलेसमोर धरलं. अमरसिंहानं ते मधल्यामधे काढून घेतलं.

"तिला काय कळतंय त्यातलं? इकडं आण."

सगळे हसले. सत्यशीलाही हसली. सोळा वर्षांच्या संसारात तिला तेवढं जमायला लागलं होतं.

तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. प्रचाराच्या दिवसांत ती एकटी धनगरवस्तीवर गेली होती. तिथं भामाबाईनं तिच्यापुढं भंडाऱ्याची वाटी ठेवली. "पुढारी येत्यात आन बोलून जात्यात. तू भंडारा उचल, बाई. मंग आमी बटन दाबतो." सत्यशीलेनं चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि देवाच्या नावानं शब्द दिला, की पहिलं काम तुमच्या नळाचं. भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याची काय गत होते, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वस्तीची सगळी मतं तिला पडली. ती एकसष्ट मतांनी निवडून आली.

"अहो," तिनं हिय्या करून विषय काढला, "पहिला ठराव वस्तीच्या नळाचा घ्यायचा हाय."

अमरसिंह रोटी मोडता मोडता थांबला. "कोणत्या वस्तीच्या?"

"धनगरवस्तीच्या. मी भंडारा उचललाय."

"तू उचललास, मी न्हाई. मतं पडली, काम झालं. पाइप आपल्या मळ्याकडं जाणार हाय."

पुन्हा हशा पिकला. सासू छबुबाई सुनेकडं न बघताच म्हणाल्या, "आजवर पाण्यावाचून मेले का ते? गुमान जेव. गार व्हायलंय."

सत्यशीलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

तेवढ्यात अमरसिंहानं खिशातून एक टाइप केलेला कागद काढून तिच्या ताटाशेजारी ठेवला. सरपंचपदाचा राजीनामा. भावाभावांत ठरलं होतं, पहिली अडीच वर्षं अमरसिंहाची आणि पुढची सुंदररावाची. अशा वायद्यांत तोंडी शब्दावर कुणी विसंबत नाही. सही केलेला, पण तारीख न टाकलेला राजीनामा आधीच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा, ही इकडची रीत. मुदत भरली की तो तारीख टाकतो, कागद तालुक्याला पोचवतो आणि कारभार उपसरपंचाकडं येतो.

"सही कर. तारीख सोड मोकळी," अमरसिंह म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "हा कागद सुंदरकडं राहील. मधीच लई शहाणपणा केलास तर मीच त्याला सांगंन, टाक तारीख म्हणून. मोठी भंडारा उचलायलीय!"

सत्यशीलेनं पेन घेतलं. आधी कागद पूर्ण वाचला. लग्नापासून तिनं सोसायटीच्या, बँकेच्या शंभर कागदांवर सह्या केल्या असतील, पण त्यातला एकही तिला कुणी वाचू दिला नव्हता. ती लिहीत होती तेव्हा अमरसिंह भाजी सपक असल्याबद्दल वेटरची खरडपट्टी काढत होता. तिनं पेन ठेवल्यावर त्यानं कागद तसाच सुंदररावाकडं सरकवला. बायकोच्या सहीत बघायचं काय?

सुंदररावानं मात्र बघितलं. दोनदा बघितलं. मग सावकाश घडी घालून कागद आतल्या खिशात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सत्यशीलेला हात जोडले.

"वहिनी, नक्की ना? तालुक्याला तुमाला विचारत्याल."

"विचारू द्या, भावजी. माज्या मनानं दिला म्हणून सांगंन."

"काय विचारत्याल?" अमरसिंह म्हणाला. त्याच्या मिशीला भाजी लागली होती.

"दादा, वहिनींनी तारीख टाकलीय. आजचीच."

अमरसिंह उठला तशी खुर्ची मागं आदळली. त्यानं सुंदररावाच्या खिशाकडं झेप घेतली, पण सुंदररावाचे दोन दांडगे मेहुणे मधे उभे राहिले. तो बायकोकडं वळला. रागापेक्षा त्याच्या आवाजात भीतीच जास्त होती.

"अगं, तुजी बी सरपंचकी गेली की! आन आता तुज्या वस्तीला नळ कोण देतंय?"

"नळ मगाशीच गेलता," सत्यशीला म्हणाली.

तिला भामाबाईला तोंड दाखवायचं होतं आणि ते कसं दाखवायचं हे तिला माहीत नव्हतं. पण संध्याकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागली होती. तिनं रोटीचा तुकडा मोडला, आणि उभ्या नवऱ्याच्या ताटात स्वतःच्या हातानं भाजी वाढली.

"बसा," ती म्हणाली. "जेवा, माजी सरपंच."