आधी गिऱ्हाइकांचे

इस्त्री तापली होती, पण तिच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटेना.

मुलगा गेल्यापासून लाँड्रीचं शटर आज पहिल्यांदाच वर गेलं होतं. तिनेच हट्टाने उघडलं होतं. दुकान बुडालं तर घर बुडेल, हे नवऱ्यालाही कळत होतं, पण त्याने हातपाय गाळले होते. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "एवढ्यात कशाला?" तिने ऐकलं नाही. आता मात्र समोर गिऱ्हाइकाचा शर्ट पसरलेला, आणि हातातली इस्त्री तशीच अधांतरी.

तिची एक रीत होती. प्रत्येक कपड्याच्या कॉलरवरून इस्त्री फिरवताना ती पुटपुटायची, "प्रभू, हे घालेल त्याला सुखरूप घरी आण." मग गिऱ्हाईक कितीही खडूस असो. नवरा हसायचा, "पैसे इस्त्रीचे आणि आशीर्वाद फुकट! असा धंदा असतो होय?" घरचे कपडे मात्र सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेकदा राहूनच जायचे. मुलगा दारातून ओरडायचा, "आई, गिऱ्हाइकांना देव आणि मला सुरकुत्या!" ती म्हणायची, "आधी गिऱ्हाइकांचे. तू जा तसाच." शेवटच्या दिवशीही तो तसाच गेला.

"नाही जमत तर नको म्हणूस," नवरा हळूच म्हणाला. "नुसती इस्त्री कर."

"म्हणू तरी कुणाला? ऐकणारं कुणी असतं, तर माझं पोर..." तिने इस्त्री बाजूला ठेवली.

तेवढ्यात काउंटरसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. दोघांनीही त्याला ओळखलं. ब्रेक फेल झालेली ती गाडी हाच चालवत होता. मुलाच्या मोटारसायकलला उडवून गाडी पुलावरून खाली कोसळली होती, आणि याला साधा ओरखडाही आला नव्हता. लोक तोंडात बोटं घालत होते.

"चालते व्हा!" नवरा गरजला. "इथे तुमचं काय काम?"

"जातो." त्याने पिशवीतून एक निळा शर्ट काढला. "त्या दिवशी हा अंगात होता. आता घालवत नाही, टाकवतही नाही. कपडे बायको इथे आणून द्यायची, मला दुकान ठाऊक नव्हतं. काल तिने कॉलरची खूण दाखवली. तुमची आहे म्हणाली."

तिने कॉलर उलटली. आत लाल दोऱ्याचा बारीकसा क्रूस होता, दुकानाची खूण, तिच्याच हातची.

मग तिला ती सकाळ आठवली. एक बाई घाई करत होती, म्हणून हाच शर्ट आधी घेतला होता. मुलगा दारातून ओरडत होता, आणि ती मान खाली घालून कॉलरवरून इस्त्री फिरवत नेहमीचं पुटपुटत होती.

"आण इकडे," नवऱ्याने शर्टाला हात घातला. "जाळून टाकतो!"

तिने सोडला नाही. काळीज फाटत होतं, तरी तिने तो टेबलावर पसरला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री कॉलरवर टेकवली. डोळ्यांतलं पाणी गरम कापडावर टपटप पडत होतं.

"प्रभू, हे घालेल त्याला सुखरूप घरी आण."

या वेळी ती मोठ्याने म्हणाली. ऐकणारा होता. त्या दिवशीही त्याने शब्दन्‌शब्द ऐकला होता.