बारा निरोगी नमुने

बाराच्या बारा पट्ट्यांवर लाल रेघ उमटली, तेव्हा ताईंनी त्या पुन्हा एकदा मोजून पाहिल्या.

या प्रयोगशाळेत जंतांची तपासणी करण्यात ताईंची चोवीस वर्षं गेली होती. आज एका नव्या पट्टीची परीक्षा होती. शौचाच्या नमुन्याचा थेंब टाकायचा. जंत असतील तर लाल रेघ उमटते. आजारी माणसांच्या ऐंशी नमुन्यांवर पट्टी मायक्रोस्कोपला तोडीस तोड ठरली होती. उरलेले बारा नमुने निरोगी माणसांचे, मोठ्या सरांनी स्वतः जमवलेले. नेमका तिथेच घात झाला.

"धडधाकट माणसालाही जंत दाखवते ही. भंगार आहे!" सरांनी अहवाल पुढे ओढला. "पाचला बैठक आहे. नापास लिहितो."

पट्टी बनवणारी संशोधक दारातच उभी होती. सहा वर्षं तिने या कामापायी हाडाची काडं केली होती.

"सर, ते बारा नमुने एकदा मायक्रोस्कोपखाली बघू या ना."

"काही गरज नाही. ठणठणीत आहेत. माझा शब्द आहे."

सरांच्या शब्दापुढे आजवर कुणी गेलं नव्हतं. पण पोरीचा पांढराफटक चेहरा ताईंना बघवेना. त्या उठल्या.

"अजून चाळीस मिनिटं आहेत, सर. हिच्या मनात किंतु नको राहायला."

"ताई, उगाच फाटे फोडू नका!"

एवढ्या वर्षांत सर त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिली काच लावली, भिंगाला डोळा लावला. पातळ कवचाची, लांबट अंडी, जंतांचीच. दुसऱ्या काचेवर तीच. तिसऱ्या काचेवरही. बाराव्या काचेपर्यंत एकही रिकामी निघाली नाही.

"पट्टी खरं बोलतेय, सर. एकही नमुना चोख नाही." ताई सरांकडे वळल्या. "बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. त्या बारा जणांची यादी द्या, आजच्या आज गोळ्या पोचवते."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"बारा जण नाहीतच, ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गोळ्या माझ्या एकट्यापुरत्या आणा."